दहा पावलांवरची माती

“मावशी, पिशव्यांची अदलाबदल झालीय, कबूल करून टाका,” असं म्हणत साहेबांनी मेमो टेबलावरून पुढे सरकवला. क्लार्कने टाइप केलेला, साहेबांनी न वाचताच सही ठोकलेला. गुन्हा काय, तर नमुने गोळा करताना निष्काळजीपणा.

मावशीचं डोकंच फिरलं. बावीस वर्षं ती या प्रयोगशाळेसाठी रानोमाळ हिंडून माती खणत होती. मातीतले जंतू जागोजागी का बदलतात, हे साहेब गार खोलीत बसून शोधायचे. गुडघे झिजायचे ते मावशीचे. निवृत्तीला दोन महिने उरले असताना आता हा डाग!

“चौदा आणि पंधरा नंबरचे खड्डे एकमेकांपासून दहा पावलांवर,” साहेब म्हणाले. “तरी दोन्हींतले जंतू वेगळे. चौदातले तर थेट साठ किलोमीटरवरच्या डोंगरातल्या मातीसारखे. म्हणजे तुम्ही डोंगराची माती चौदाच्या पिशवीत भरलीत.”

“मी आधी पिशवीवर नंबर घालते, मगच खुरप्याला हात लावते. आजवर एकदाही उलटं केलेलं नाही.”

“मग दहा पावलांत जंतू बदलले होय?”

“पावलं तुम्ही मोजता, साहेब. जंतू कशाला मोजतील? पंधराच्या जागी पूर्वी चुन्याची भट्टी होती. पहिल्याच वर्षी सांगितलं होतं मी, तेव्हा हसला होतात. चला, तुमच्यासमोर खणते.”

साहेब नाइलाजाने निघाले, तेही नवेकोरे बूट घालून. मावशीने दोन्ही ठिकाणी खणलं, पिशव्या भरल्या आणि उरलेल्या मातीवर आम्लाचे चार-चार थेंब टाकले. पंधराची माती फसफसून वर आली. चौदाची ढिम्म.

“डोंगराची मातीही अशीच गप्प बसते,” मावशी म्हणाली. “आंबट आहे ना. जंतूंना माती मानवली म्हणजे झालं, मग ती जवळची असो नाहीतर लांबची.”

साहेबांनी बाटली घेऊन दोन्ही मातींवर स्वतः आणखी दोन-दोन थेंब टाकले. मग त्यांचा चेहरा खुलला. “अरे वा! हे तर छापण्यासारखं आहे!”

“आणि मेमो?”

“त्याची प्रत वर गेली हो. आता दोन महिन्यांसाठी कशाला उकरून काढायचं?”

मावशीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माफी राहू दे, साधं ‘चुकलं’ म्हणायलाही या माणसाची जीभ वळेना! साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर नोंदवही उघडली आणि ‘नमुना घेणाऱ्याचे नाव’ या रकान्यात झोकात स्वतःचं नाव लिहिलं.

“म्हणजे पुन्हा कुणी शंका घ्यायला नको,” ते म्हणाले.

मावशीने मातीच्या हातानेच वही ओढून घेतली. साहेबांच्या नावावर आडवी रेघ मारली आणि शेजारी स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट.

साहेबांनी वाकून वाचलं. कपाळाला आठ्या घालून पुन्हा वाचलं.

“ही कोण?”

“मी,” मावशी म्हणाली.