ठमी पास झाली

आमच्या ठमीचा तिसरा प्रयत्न होता आणि घाम मला फुटला होता. नर्सिंग कॉलेजातली ही औषधांच्या डोसची परीक्षा. एक जरी उत्तर चुकलं तरी नापास, आणि तीनदा नापास झालं की कोर्समधून नाव कमी. माझी धाकटी बहीण दोनदा गडबडली होती. मी स्वतः वॉर्डात नर्स, एरवी नियम असाच कडक हवा म्हणून तावातावानं भांडणारी. आज मात्र बाहेरच्या बाकावर बसून तो नियम करणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

दाराच्या काचेतून तिची पाठ दिसत होती. आकडेमोड थांबवून ती पेन चावायला लागली की मी बाकावरून अर्धी उठायचे. आईला काय सांगायचं, तेही मी जुळवून ठेवलं होतं.

दार उघडलं. ठमी हसत होती.

"ताई, पास. कॉम्प्युटरनं लगेच दाखवलं."

माझा जीव भांड्यात पडला. "एवढा छळ केलास, आता चहा तुझ्याकडून," मी म्हटलं.

"शेवटचं तर अगदीच सोपं होतं गं," जिना उतरताना ती म्हणाली. "डॉक्टरांनी तीस मिलिग्रॅम लिहिलंय, गोळी साठची. अर्धी मोडून द्यायची."

"कुठली गोळी?"

"बीपीची. ती हळूहळू विरघळणारी."

मी पायरीवरच थांबले. "अगं, ती मोडायची नसते. दिवसभर पुरायचं औषध एकदम अंगात जातं. पेशंट जागच्या जागी कोसळेल. अशा वेळी डॉक्टरांना विचारायचं."

"कॉम्प्युटरला कुठे विचारता येतं? त्यानं आकडा मागितला, मी अर्धा टाकला, बरोबर आला." तिनं हात झटकला. "जाऊ दे ना. पास झाले, विषय संपला."

सोमवारपासून ती माझ्याच वॉर्डात गोळ्या देणार होती. सकाळपासून ती नापास होईल म्हणून मी घाबरले होते. ती भीती काहीच नव्हती. खरी भीती आता वाटली.

मी तिचा दंड धरला आणि वर, परीक्षा घेणाऱ्या मॅडमच्या खोलीकडे वळले.

"ताई, नको. पुन्हा तपासलं तर मला काढून टाकतील."

तिचा आवाज रडवेला झाला होता. मी दार वाजवलं.