बांधाच्या अलीकडे

जमीन पोराच्या नावावर करून दिली, त्या दिवसापासून म्हातारा उंबऱ्यावर बसून होता. बसून होता म्हणजे बसवला होता. योजनाच तशी निघाली होती. साठी उलटलेल्या शेतकऱ्यानं जमीन मुलाला द्यावी, मुलानं ती कसावी, आणि बापाला दर महिन्याला पेन्शन मिळावी. ऐकायला किती गोड! ज्यानं ही योजना काढली त्यानं जन्मात एक ढेकूळ फोडलं असेल तर शपथ.

त्याच्या वयाचे सगळे सांगत होते, देऊ नकोस. जमीन नावावर आहे तोवर सून चहात साखर घालते. पण बायकोचे गुडघे त्याच शेतात ओणवं राहून राहून कामातून गेले होते, आणि औषध काही शेतात उगवत नाही. पेन्शनसाठी त्यानं अंगठा नाही, चांगली वळणदार सही केली.

सहीची शाई वाळते न वाळते तोच पोरगा म्हणाला, "बाबा, आता बांधाच्या पलीकडे पाय टाकायचा नाही. तपासणीवाल्यांनी बघितलं तर म्हणतील, हा अजून शेती करतो. पेन्शन बंद. मग आईच्या औषधाचं तुम्हीच बघा."

गुडघ्यांचं नाव काढलं की म्हातारा मुका. घर आणि शेत यांच्यात एक रस्ता आणि एक बांध. ज्या बांधावर तो उभा जन्म चालला, त्याच्याकडे तो परक्याच्या दारासारखा बघत बसायचा. बांधावर झाडी माजली होती, पलीकडचं काही दिसत नव्हतं. ट्रॅक्टरचा आवाज तेवढा यायचा.

"खत टाकतोय," पोरगा सांगायचा. "नुसतं खतच खत."

"बरं चाललंय की मग," म्हातारी म्हणायची. "तुम्ही कशाला तोंड पाडून बसलाय? पगारी माणूस झालात."

"कुत्र्यालाही पगार असता तर तो असाच साखळीला बसला असता," म्हातारा म्हणायचा.

त्या सकाळी नेहमीसारखी ताडपत्रीनं झाकलेली ट्रॉली शेतातून निघाली, घरासमोरच्या रस्त्यातल्या मोरीवर आदळली आणि मागून चार ढेकळं सांडली. म्हातारा उठला. खत आत जातं, बाहेर येत नाही, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. त्यानं ढेकूळ उचललं, मुठीत फोडलं. काळी, लोण्यासारखी माती. आणि तिच्यात तांदळाएवढे पांढरे शंख.

हे शंख आसपासच्या कुणाच्या शेतात नव्हते. ऐन तारुण्यात, दर उन्हाळ्यात तळं आटलं की तो आणि म्हातारी तळ्याचा गाळ डोक्यावरून वाहून आणायचे. लोक हसायचे, खुळे म्हणायचे. गाळाबरोबर तळ्यातले शंखही आले होते. मुरमाड माळाचं रान त्यांनी गाळाच्या पाट्या टाकून टाकून काळं केलं होतं.

तो तसाच मूठ आवळून उभा होता. बांध समोर. पाय उचलला आणि परत खाली ठेवला. बायकोचे गुडघे आठवले. स्वतःची त्याला इतकी चीड आली की दात खाल्ले.

तेवढ्यात तपासणीच्या बाई स्कूटरवरून आल्या. वर्षातून एकदा यायच्या, माणूस जिवंत आहे आणि जमीन कसली जातेय, एवढं बघायला.

"काय आजोबा, आहात ना?"

"निम्मा आहे. पोरी, एक विचारू? बांधाच्या पलीकडे पाय ठेवला तर पेन्शन जाते?"

बाई हसल्याच. "कुणी सांगितलं? फिरा की खुशाल. गवत उपटलंत म्हणून कोण पेन्शन काढतंय? जमीन तुमच्या मुलानं कसायची, एवढीच अट."

म्हातारी दारातून सगळं ऐकत होती. तिचं तोंड उघडंच राहिलं.

पोरगा धावत आला. "या मॅडम, चहा घ्या. सगळं उत्तम चाललंय. सही कुठं करू?"

"थांब," म्हातारा म्हणाला. "आधी शेत दाखवतो. चला."

"बाबा, उन्हाचं कशाला—"

म्हातारा केव्हाच बांध ओलांडून गेला होता.

पलीकडे शेत नव्हतं, खड्डा होता. अर्धं रान पुरुषभर खोल खरवडलेलं. खाली तोच जुना मुरूम उघडा पडला होता, हाड दिसावं तसा. कडेला दुसरी भरलेली ट्रॉली उभी होती, पुढं ट्रॅक्टरवर ड्रायव्हर.

"माती वीटभट्टीला विकली," पोरगा म्हणाला. आवाजात लाज नाही, वैताग. "शेतीत काय राहिलंय? आणि माझ्या नावावर आहे आता. माझी माती, मी विकीन."

"तुझी माती? एक पाटी तरी उचललीस? तुझ्या आईच्या डोक्याला टक्कल पडलं पाट्यांनी!"

म्हातारी भिंत, काठी, झाड धरत कशीबशी बांधापर्यंत पोचली होती. तिनं खड्डा बघितला.

बाई हळूच म्हणाल्या, "आजोबा, मुलगा जमीन कसत नाही, असं मी लिहिलं तर जमीन परत तुमच्या नावावर येईल. पण पेन्शन त्याच दिवशी थांबेल. घरी बसून विचार करा, मी उद्या येते."

"बरोबर बोलतायत त्या," पोरगा एकदम नरम पडला. "या वयात कोण कसणार हे? औषधाचं काय? आई, सांग की यांना."

म्हाताऱ्यानं बायकोकडे बघितलं. पहिल्यांदाच त्याला तिच्याकडे बघायची भीती वाटली.

"गोळ्या खाऊन तरी कुठं धावतेय मी?" म्हातारी म्हणाली. "लिही गं पोरी. आत्ता लिही. आणि यानं आईच्या गुडघ्यांवर बापाला बांधून ठेवलं होतं, तेही लिही."

बाईंनी पेन काढलं.

ड्रायव्हरनं तोवर गुपचूप ट्रॅक्टर चालू केला होता. म्हातारा जाऊन चाकासमोर उभा राहिला.

"कुठं निघालास?"

"भट्टीवर. मालकानं सांगितलंय."

"मालक मी आहे. ओत इथं."

ड्रायव्हरनं पोराकडे बघितलं. पोरगा दुसरीकडे बघत होता. ट्रॉली हळूहळू तिरकी झाली आणि माती मुरमावर कोसळली. एवढ्या मोठ्या खड्ड्यात मूठभर दिसली. म्हातारा खाली उतरला, वाकला आणि हातानंच ती पसरायला लागला.

"अहो," वरून म्हातारी ओरडली, "फावडं घ्या की! का आता तेही याला विचारून घ्यायचं?"