नत्थूजी उठले नाहीत

बापूजींनी बिडीचं थोटूक ओट्याच्या कडेला चिरडलं आणि शर्त लावली. दत्तोपंतांच्या शरयूनं नत्थूजींना एक अख्खा धडा संपेपर्यंत जागेवर बसवून दाखवावं. बसवलं, तर कोजागिरीच्या संध्याकाळी बापूजी मारुतीच्या पारावर पोरींच्या घोळक्यात बसून भुलाबाईची गाणी म्हणणार, टाळ्या वाजवत. नाही बसवलं, तर दत्तोपंतांनी म्हणायची.

ओट्यावर हशा पिकला, कारण नत्थूजी कशालाही पूर्ण बसलेले रोहणा गावात कुणी पाहिले नव्हते. ते कीर्तनातून अभंगाच्या आत उठायचे, पंगतीतून ताकाच्या आधी. गावानं वर्गणी काढून व्हिडिओ आणला, तेव्हा नायकाला गोळी लागली त्याच घडीला ते "बैल पाहून येतो" म्हणून निघून गेले होते. बैल बिचारे रवंथ करत होते.

दत्तोपंतांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि मुलीला बी.एड. केलं. मागच्या वर्षी एका शाळेत नोकरीसाठी तिनं नमुना पाठ दिला, तो अर्धा व्हायच्या आत मुली कुजबुजायला लागल्या आणि कमिटीची माणसं चहाला उठून गेली. तेव्हापासून शरयूनं खडूला हात लावला नव्हता. आता हिंगणघाटच्या मुलींच्या शाळेनं बोलावलं होतं, कोजागिरीनंतरच्या सोमवारी. विषयही शाळेनंच दिला होता: 'कॅप्टिव्हेट' हे क्रियापद, त्याच्या जोडीचे शब्द आणि ते कुठे कसे वापरायचे. शरयू जायला तयार नव्हती.

"मास्तर, लोकाईले गुंगवाचा शब्द शिकवता शिकवता लोक झोपले, तं बाईची का इज्जत राह्यते?" बापूजी म्हणाले. "आधी आपल्या नत्थूवर पाहून घेऊ."

बापूजींचं बसस्टँडवर चहाचं हॉटेल होतं, आणि ते आजवर एकही पैज हरले नव्हते, कारण पैज लावायच्या आधीच ते तिची व्यवस्था करून ठेवायचे. या वेळची व्यवस्था म्हणजे त्यांच्याकडे भजी तळणारा लहानू. लहानूनं नत्थूजींच्या गोठ्याशी उभं राहायचं. दत्तोपंतांच्या खिडकीत काडी पेटलेली दिसली, की दावं सोडून द्यायचं आणि बैल सुटला म्हणून बोंब मारायची.

ठरल्या दिवशी दत्तोपंतांची पडवी भरून गेली. नत्थूजींना खांबाला टेकवून बसवलं होतं. बापूजी खिडकीत टेकले, एका हातात बिडी, दुसऱ्या हातात काडी. शरयूनं फळा पुसला. तिचा आवाज कापत होता. कॅप्टिव्हेट म्हणजे समोरच्याचं मन धरून ठेवणं, असं ती म्हणाली तेव्हा नत्थूजींनी एक गुडघा वर घेतला होता.

शरयूनं त्या गुडघ्याकडे पाहिलं. मग खडू खाली ठेवला आणि ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घट्ट झाकणाचा पितळी डबा होता. तिनं तो कानाशी धरून खुळखुळवला.

पडवी सरळ होऊन बसली. गाणी संपल्यावर बंद डब्यातली खिरापत आवाजावरून ओळखायची, आणि ओळखल्याशिवाय भुलाबाईपुढून उठायचं नाही, हे तिथल्या बाप्यांनाही पाळण्यापासून ठाऊक होतं. शरयूनं त्यात आपला एक नियम घातला. मन किंवा शरीर धरलं गेल्याचा आपल्या घरचा एक दाखला द्यायचा. त्याला कुठला इंग्रजी शब्द लागतो ते ती सांगेल, आणि दाखला देणाऱ्याला एकदा ओळखायला मिळेल.

जयवंतानं जिनिंगच्या पट्ट्यात अडकलेलं धोतर सांगितलं. ती 'ग्रिप', शरयू म्हणाली. हाताची असते, यंत्राची असते, भीतीचीही असते. जयवंतानं शेव म्हटली, ती चुकली. आनंदाबाईंनी सापापुढं बेडूक जागचा हलत नाही हे सांगितलं. त्याला 'फॅसिनेट'. त्यांचे फुटाणे चुकले. विमलाबाईंनी सुनेकडे बघत रेडिओपायी उतू जाणाऱ्या दुधाचा विषय काढला. 'एन्ग्रॉस', शरयू म्हणाली, यात कुणी धरत नाही, माणूस आपणच बुडतो. सून सोडून सगळे हसले. तिचा आवाज आता कापत नव्हता.

मग खांबापाशी नत्थूजी बोलले.

"पोळ्याले बैल सजवले का मले दुसरं काई दिसत नाई. लोक हाका मारतेत, ऐकू येत नाई. त्याले का म्हणतेत, बाई?"

शरयू खांबाकडे वळली.

"तेच कॅप्टिव्हेट, नत्थूजी. दावं बैलाच्या गळ्यात असतं, पण बांधलेले तुम्ही असता."

नत्थूजींनी मान डोलावली आणि वर घेतलेला गुडघा खाली टाकला. त्यांची चण्याची डाळही चुकली.

शरयूनं डबा पुन्हा हलवला. आवाज शेंगदाण्याचा नव्हता. जड होता, टणक होता. खिडकीतून बापूजी पुढे वाकले. उधारीवाल्याला पैसे वसूल होईपर्यंत हॉटेलातून उठू दिलं नाही ही बढाई त्यांनी सांगितली, त्याला कुठला शब्द ते ऐकूनही घेतलं नाही, आणि म्हणाले, "चिंचोके. भाजलेले."

झाकण उघडलं. चिंचोकेच होते. ओंजळी पुढे आल्या, पडवीभर कडकड सुरू झाली. धडा संपला, तरी नत्थूजी खांबाला टेकून मजेत चावत होते. बापूजींनी आपल्या हाताकडे पाहिलं. काडीचं गूल घामानं भिजून बोटाला लाल लागलं होतं. तिकडे गोठ्याशी लहानू दावं धरून उभा होता.

गप्प बसणं लहानूच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी हॉटेलात त्यानं सगळं सांगून टाकलं, आणि गावानं अर्थ लावला, की बापूजींनी मुद्दाम खूण केली नाही. मास्तरच्या पोरीसाठी हरले. गिऱ्हाइकं त्यांच्या पाठीवर थाप मारू लागली. मोठ्या मनाचा माणूस असं बापूजींना याआधी कुणी म्हटलं नव्हतं. ते नुसते हसायचे आणि चहात साखर जास्त घालायचे.

कोजागिरीला पारावर पोरी जमल्या, त्यांच्यामागे सारा गाव. बापूजी मधोमध मांडी घालून बसले. पुंडलिकराव सरपंच उभे राहिले आणि एका मुलीच्या भल्यासाठी हार पत्करणाऱ्या माणसाचं कौतुक करू लागले. शरयू खिरापत घेऊन आली होती. तिनं डबा खाली ठेवला.

"तुम्ही मला जिंकू दिलंत?"

ती दत्तोपंतांकडे वळली आणि हळूच म्हणाली, "बाबा, सोमवारचं राहू द्या."

दत्तोपंत चष्मा काढून पुसत बसले. बापूजींनी कान खाजवला. पोरींकडे पाहिलं, मग गर्दीतल्या लहानूकडे.

"पुंडलिकराव, बसा तुमी," ते म्हणाले. "लहान्या खरं सांगून राह्यला, पन अर्धं. काडी माह्या हातात होती. पेटवाची यादच नाई राह्यली मले. डब्यात का हाय, त्याच्याच मागं लागलो होतो." ते शरयूकडे वळले. "मी कोनासाठी हरत नसतो, बाई. सख्ख्या भावासाठी नाई हरलो. तू हरवलं मले."

आधी विमलाबाई हसल्या, मग लहानू, मग सारा पार. बापूजीले डब्यानं फसवलं, असं कुणीतरी मागून ओरडलं, आणि ते आता वर्षभर हॉटेलात ऐकावं लागणार हे बापूजींना कळत होतं. त्यांनी मान खाली घालून हसणं अंगावर घेतलं.

शरयू त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "सोमवारी हिंगणघाटला जायला पुलगावची पहिली गाडी कितीला असते?"

"साडेपाचले," बापूजी खालमानेनंच म्हणाले. "चहा पिऊन जाजो."

पोरींनी गाणं उचललं. बापूजींची पहिली टाळी चुकली, आणि पोरींनी त्यांना पहिल्यापासून म्हणायला लावलं.