एकोणचाळिसाव्या दिवशीचा पाऊस

"पोटात पडेल तेवढंच सांगायचं. एक थेंब वाढवायचा नाही, एक थेंब गिळायचा नाही."

मित्रांनो, हा आवाज मला घडवणाऱ्या तांबटाचा. माझ्या काठावरून शेवटची कानस फिरवताना तो मला उद्देशून बोलला की स्वतःशीच, कोण जाणे. पण लहानपणी कानावर पडलेलं जन्मभर पुरतं. मी एक जुना पर्जन्यमापक आहे, पाऊस मोजायचं तांब्याचं भांडं. वर नरसाळं, आत बाटली, सोबतीला आकड्यांची काचनळी. एवढाच माझा संसार.

हवामान केंद्राच्या आवारात, तारेच्या कुंपणात मी उभा असे. शेजारी झडपांची पांढरी लाकडी पेटी होती. तिच्यात तापमापक राहत. ऊन-थंडी त्यांच्याकडे, पाऊस माझ्याकडे. आम्हाला सांभाळणारे निरीक्षक काका तिथल्याच दोन खोल्यांत राहत. सकाळी साडेआठला ते अर्धा चहा टाकून निघत.

"अहो, पाऊस काय पळून जातोय?" काकू विचारत.

"पाऊस नाही गं, साडेआठ पळून जातात!"

कोरड्या दिवशीही ते येत, बाटली उलटी करून बघत आणि वहीत शाईने शून्य लिहीत. म्हणत, "शून्य म्हणजे काहीच नाही असं नव्हे. शून्य म्हणजे मी येऊन बघितलं."

असे शून्यावर शून्य पडण्याचं एक वर्ष आलं. अडतीस दिवस माझ्या पोटात थेंब नाही. अंग असं तापे की पाखरू काठावर टेकलं की लगेच उडे. एका दुपारी काका डोळा लागून आत पडले होते. काकू भांडी विसळून अंगणात आल्या. हातातल्या पाण्याच्या तांब्यात तळाशी घोटभर चांगलं पाणी उरलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कुंपणाचं दार लोटलं, ओला तळवा माझ्या काठावर टेकला आणि गुणगुणत माझ्या अंगावर ते शिंपडलं,

"तापली गं बाई भुई, तापलं गं भांडं,
घोटभर पाण्यासाठी सुकलं गं तोंड."

मित्रांनो, पावसाने मला पुष्कळ भिजवलं, पण तसं कोणी माझ्यासाठी म्हणून कधी भिजवलं नव्हतं. त्यातलं बरंचसं नरसाळ्यातून आत उतरलं. काकूंच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ओरडतच घरात शिरले. "पडला गं, पडला! रात्री कधीतरी भुरभुरून गेला. दोन पूर्णांक चार मिलिमीटर!" एकोणचाळिसाव्या दिवशी पाऊस, अशी नोंद झाली. काकूंच्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

कुंपणापलीकडचा परीट हसून लोळला. "काका, माझ्या चादरी रात्रभर दोरीवर होत्या, कोरड्या ठणठणीत! तुमचा ढग खाजगी आहे का?"

"माझं भांडं खोटं बोलत नाही," काका म्हणाले. त्यानंतर आणखी पंचवीस कोरडे दिवस गेले. गल्लीभर काकांचं नाव 'खाजगी ढगवाले' पडलं, तरी त्यांनी आकडा सोडला नाही. जितके ते माझ्या बाजूने भांडले, तितकं काकूंना बोलणं अवघड होत गेलं. आणि मी? किती पडलं ते मला सांगता येतं. कुठून पडलं ते नाही.

वर्षं गेली. माझ्या जागी आपोआप मोजणारं यंत्र आलं. काका निवृत्त झाले आणि जाताना त्यांनी मला मागून घेतलं. आता मी त्यांच्या दाराशी असतो. पावसाला मोजणाऱ्याच्या पोटात छत्र्या! पण माझी तक्रार नाही. काकू दर आठवड्याला मला चिंच लावून घासतात, जरा जास्तच प्रेमाने.

परवा शहराच्या पाणीपुरवठ्याकडून एक तरुण अभियंता आली. काकांच्या तीस वर्षांच्या नोंदी तिने संगणकात भरल्या होत्या. काका म्हणाले, "एवढ्या आकड्यांचं करतेस काय?"

"काका, रोजचा आकडा म्हणजे सुटा मणी. आम्ही माळ ओवतो. वर्षात होरपळीचे दिवस किती, उकाड्याच्या रात्री किती, एका दिवसात जास्तीत जास्त पाऊस किती. या माळांना आम्ही हवामानाचे निर्देशांक म्हणतो." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "आणि ही सगळ्यात महत्त्वाची. सलग कोरड्या दिवसांची. मिलिमीटरभर पाऊस झाला की ही माळ तुटते. तुमच्या नोंदींत सर्वांत लांब माळ अडतीस दिवसांची आहे. म्हणजे नवी टाकी पंचेचाळीस दिवस पुरेल एवढी बांधली की झालं."

काका खुशीत हसले. "माझ्या वहीवर टाकी! ऐकलंस का गं?"

काकूंनी ऐकलं होतं. चहाचा ट्रे त्यांनी तसाच खाली ठेवला. अडतीस, मधला एक आणि पुढचे पंचवीस, एवढी बेरीज त्यांनाही येत होती. चौसष्ट दिवस. पंचेचाळिसाव्या दिवशी नळ कोरडे पडले, तर पुढचे एकोणीस दिवस शहर काय पिणार?

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. जुन्या भांड्यांना जपाच, पण त्यांनी दिलेल्या आकड्यांनाही जपा. आकड्याला स्वतःची हकिगत सांगता येत नाही. ती ठाऊक असलेल्या माणसानेच सांगावी लागते.

काकू दाराशी आल्या. माझ्या पोटातल्या छत्र्या एकेक काढून भिंतीला टेकवल्या. मला उचलून, पदराने पुसून, टेबलावर काकांच्या समोर ठेवलं. त्यांचा तळवा माझ्या काठावर तसाच राहिला. त्या दुपारी होता तसा, ओलसर आणि गार.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमच्या भांड्याने खोटं सांगितलं नाही. त्याला ऊन लागत होतं, म्हणून मीच पाणी घातलं होतं. एकोणचाळिसाव्या दिवशीचा तो पाऊस नव्हता हो. ती मी होते."