दुनीर राजाची व्युत्पत्ती

वाचनालयाची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबायची, पण दार काही उघडायची नाही. म्हणून त्या शनिवारी दुपारी लिफ्टवाला आला आणि लिफ्ट एक मजला खाली घेऊन तिच्या टपावर उकिडवा बसून दाराचं लॉक खोलू लागला. पंचेचाळिशीचा, काटक अंगाचा आणि बोलायला भलता कंजूष माणूस. गिऱ्हाइकं म्हणायची, "याच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा लिफ्ट जिन्याने खाली नेणं सोपं."

तिसऱ्या मजल्यावर सभागृहात कसलासा कार्यक्रम चालू होता. दाराच्या फटीतून माइकवरचा आवाज येत होता. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. रोलर पार झिजला होता आणि एक स्क्रू गंजून बसला होता, त्याच्याशी त्याची झटापट चालली होती. तेवढ्यात एका बाईंचा ठणठणीत आवाज कानावर आला.

"आता 'डिखी' हा शब्द घेऊ. डिखी म्हणजे गडाच्या भिंतीत टेहळणीसाठी ठेवलेलं भोक."

त्याचा पान्हा हातातल्या हातात राहिला.

डिखी. सदतीस वर्षांत हा शब्द त्याच्या कानावर पडला नव्हता. आणि त्याआधी तो मुळात निघाला होता त्याच्याच तोंडून. खिडकीला तो डिखी म्हणायचा.

आठ वर्षांचा होईपर्यंत त्याचं बोलणं कोणाला कळत नसे. अक्षरं तोंडात आली की एकमेकांना ढकलून पुढची मागे, मागची पुढे व्हायची. आई अंदाजाने चालवून घ्यायची, वडील हसून मान डोलवायचे, शाळेतल्या बाई सगळ्या वर्गासमोर उभं करून 'गुडघा म्हण, गुडघा' असं दहा-दहा वेळा म्हणायला लावायच्या आणि पोरं पोट धरून हसायची. त्याचं बोलणं समजायचं एकट्या ताईला; त्याच्याशी तीही तसंच बोलायची. ताई पाच वर्षांनी मोठी. दुकानात, शाळेत, पाहुण्यांत ती त्याच्या शेजारी उभी राहून सांगायची, "तो असं म्हणतोय." सहाव्या वर्षापासून दोन वर्षं एका उच्चार शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊन जीभ सरळ झाली आणि घरात त्या विषयावर पडदा पडला. तो मात्र जो गप्प झाला तो झालाच.

फटीतून बाई पुढे बोलत होत्या. त्या व्याकरणाच्या निवृत्त प्राध्यापक होत्या आणि समोर बसले होते ते डोंगरराज्याच्या कादंबऱ्यांचे वाचक. त्या कादंबऱ्यांचे चार भाग त्याच्याही घरी कपाटात होते. ताईनेच लिहिलेले, ताईनेच सही करून दिलेले. पण पुस्तक म्हटलं की त्याला तो वर्ग आठवायचा. तो आकृत्या असलेली मशीनची माहितीपुस्तकं तेवढी वाचायचा. बायकोला राजेराण्यांचा कंटाळा. त्यामुळे चारही भाग कोरे करकरीत राहिले होते.

"आता कादंबरीतल्या या डोंगरी भाषेतलं माझं सगळ्यात लाडकं नाव, दुनीर राजा," बाई म्हणाल्या. "लेखिकेने परिशिष्टात व्युत्पत्ती दिली आहे. दुन म्हणजे शिखर, नीर म्हणजे पाणी. शिखरापासून पाण्यापर्यंत ज्याची सत्ता, तो दुनीर. किती भारदस्त!"

टाळ्या पडल्या. त्याच क्षणी गंजलेला स्क्रू सुटला, दार सर्रकन बाजूला झालं आणि टाळ्या वाजवणाऱ्या मंडळींना लिफ्टच्या टपावर उभा असलेला, कोपरापर्यंत ग्रीस माखलेला एक माणूस दिसला.

"उंदीर," तो म्हणाला.

दोन खुर्च्या उलटल्या. पहिल्या रांगेतल्या एक बाई पाय वर घेऊन बसल्या. कोणीतरी ओरडलं, "कुठंय? आत आला का?"

"तसं नाही." तो घाईने म्हणाला. "तो राजा. दुनीर म्हणजे उंदीर."

सभागृहात हशा पिकला. त्याने दार ओढून घेतलं, उरलेलं काम भराभर उरकलं आणि अवजारांची पिशवी उचलून जिन्याने खाली आला. पण प्राध्यापक बाई त्याच्या आधी खाली पोचून दाराशी उभ्या होत्या. धाप लागली होती, तरी चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"मी हसले नाही हं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हे कसं माहीत?"

"मला नीट बोलता येत नव्हतं, तेव्हा मी असं म्हणायचो." अनोळखी माणसाशी इतकं लांबलचक वाक्य तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. "लेखिका माझी बहीण आहे."

बाईंनी हातातलं पुस्तक उघडून शेवटची पानं काढली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मग एकच विचारते. ही मंडळी लढाईला निघालेल्या माणसाला 'बाघुनो' म्हणून निरोप देतात. परिशिष्टात दोनशेच्या वर शब्द आहेत, सगळ्यांची मुळं दिली आहेत. या एकाच शब्दापुढे लिहिलंय, मूळ अज्ञात. का बरं?"

"मला दुसरं काम आहे," असं म्हणून तो निघाला.

घरी गेल्या गेल्या त्याने चौथा भाग काढून शेवटची पानं उघडली. मच्चा म्हणजे तलवार. तो चमच्याला मच्चा म्हणायचा. सिबकी म्हणजे यज्ञातला पवित्र तुकडा. ते बिस्कीट. डुगा म्हणजे टेकडी. तो गुडघा, वर्गासमोर दहा-दहा वेळा म्हणून न जमलेला. एकेका शब्दापुढे देवांची, नद्यांची, जुन्या राजघराण्यांची नावं घालून मुळं रचली होती. त्याची फजिती नटूनथटून, जरीचे कपडे घालून हजारो लोकांत मिरवत होती आणि त्याला पत्ताच नव्हता.

तो स्वयंपाकघरात येऊन अवजारं पुसू लागला. एकेक पान्हा ठण्णकन ओट्यावर. बायकोने दोन पान्हे सोसले, तिसऱ्याला म्हणाली, "अहो, भांडायचं असेल तर जिच्याशी भांडायचंय तिच्याकडे जा. माझ्या ओट्याने काय घोडं मारलंय?"

रविवारी सकाळी तो ताईकडे गेला. ती एकटी राहायची. दोन खोल्या, त्यातली एक कागदांनी गिळलेली. ताईने दार उघडलं, त्याच्या हातातला चौथा भाग पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"वाचलंस?"

"शेवटची पानं." त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं. "लोक हसायचे ते मी मागे टाकलं होतं, ताई. तू छापून ठेवलंस."

"हसण्यासाठी नाही रे छापलं."

"मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणून नाही विचारलंस?"

ताईने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "हो," ती म्हणाली. "चुकलं माझं."

या कबुलीने त्याची पंचाईत झाली. वाटभर जुळवून आणलेली वाक्यं वाया गेली. तो खुर्चीत बसला. ताईने कपाटाच्या तळातून एक शाळकरी वही काढली. पुठ्ठा गेलेला, कडा दुमडलेल्या. आत रेघा मारून दोन रकाने केले होते आणि दहा वर्षांच्या मुलीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'तो म्हणतो' आणि 'त्याला हवं असतं'.

"आई महिनाभर दवाखान्यात होती, आठवतं? तुला मावशीकडे ठेवलं. माझी परीक्षा होती म्हणून मला येता येईना. मावशीला तुझं बोलणं कसं कळणार? म्हणून मी ही वही करून तुझ्या पिशवीत टाकली. दोनशे बारा शब्द. मावशीने रोज उघडून पाहिली म्हणे."

त्याला मावशीचं घर आठवत होतं. तिथे एकदाही उपाशी राहिल्याचं, रडल्याचं आठवत नव्हतं. तिला सगळं कसं काय कळतं, याचं त्याला तेव्हा नवल वाटलं होतं.

"पुढे त्या उच्चारवाल्या बाई म्हणाल्या, घरात कोणी याच्यासारखं बोलायचं नाही, नाहीतर याची सवय सुटणार नाही. आईने मला शपथ घातली. मी पाळली. तू सुधारलास, सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला." ताई वहीच्या कडा सरळ करत होती. "पण ती भाषा बोलणारी माणसं दोनच होती रे. त्यातलं एक सुधारलं. मग मी कोणाशी बोलायचं?"

ही बाजू त्याच्या कधी डोक्यातच आली नव्हती. त्याने वहीचं एक पान उलटून विचारलं, "आणि बाघुनो? त्याचं मूळ का नाही रचलंस?"

"आईला गाडीत घालून नेलं त्या दिवशी मी दाराशी उभी राहून रडत होते. तू आलास, माझा परकर धरलास आणि म्हणालास, बाघुनो. घाबरू नको. पाच वर्षांचा होतास तू." ताईने नाक पुसलं. "बाकीच्या शब्दांना खोटी मुळं चिकटवताना मजा आली. त्याला चिकटवायला हात धजेना."

तो उठला. राग पुरता गेला नव्हता, पण आता तो कोणावर काढायचा हे कळेनासं झालं होतं. "वही नेतो," एवढंच तो म्हणाला.

दोन आठवडे त्याने फोन केला नाही. ताईनेही केला नाही. तो मात्र दुपारच्या सुट्टीत मोटरच्या खोलीत बसून वही वाचत राहिला. आधी मन घट्ट करून, मग ओढीने. बंद पडलेलं यंत्र समोर आलं की ते का बंद पडलं हे शोधल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तसंच झालं. वायरिंगच्या जुन्या नकाशाच्या पाठीवर त्याने शब्द मांडले, बाण काढले आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की त्या बोलण्याला शिस्त होती. पहिली दोन व्यंजनं जागा बदलायची. सुरुवातीला स्वर असेल तर मधलं व्यंजन पुढे उडी मारायचं. मधलं-शेवटचं एखादं व्यंजन गिळलं जायचं; मधला र तर हमखास, शेवटचा र मात्र टिकायचा. दोनशे बारांपैकी नियम मोडणारे शब्द अवघे अकरा निघाले. म्हणजे तो चुकत नव्हता. तो नियमाने बोलत होता, फक्त नियम त्याचे होते.

तो कागद घेऊन तो ताईकडे गेला आणि दारातच म्हणाला, "चौथ्या भागात थलारिन, ओम्रास, झेविल असले शब्द आहेत. ते खोटे आहेत. माझ्या तोंडून जन्मात निघाले नसते."

"वहीतले संपले, मग मनाने रचले," ताई खजील होऊन म्हणाली. "वाचकांनीही ओळखलं. पत्रं आली."

"हे घे. यावरून हवे तेवढे निघतील."

ताईने कागद वाचला, बाणांवरून बोट फिरवलं आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग जरा सावरून तिने विचारलं, "पुढच्या आवृत्तीत खरी मुळं छापू? तू नको म्हणालास तर नाही छापणार. आज विचारतेय."

त्याने तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी फोनवर म्हणाला, "छाप. पण बोबडा, मुका असलं काही लिहू नकोस."

"मग काय लिहू?"

"लिही, ही बोली एका घरात बोलली जायची. बोलणारे दोघं होते."

नवी आवृत्ती निघाली. काही वाचक चिडले, तलवारीचा चमचा झाला म्हणून. बरेच जण मात्र आपापल्या मुलांचे, भावंडांचे वाकडेतिकडे शब्द लिहून पाठवू लागले. ताईने एक पिशवी भरून पत्रं ठेवली. प्राध्यापक बाईंनी त्याला वाचनालयात बोलावून घेतलं. या वेळी लिफ्टचं काम नव्हतं. त्यांनी सभेला त्याचा बाणांचा कागद समजावून दिला आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं, पण उंदराकडून असा सपशेल पराभव पहिल्यांदाच झाला." लोक हसले, आणि तोही हसला. कोणीतरी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठून "नमस्कार, धन्यवाद," असं म्हणाला आणि खाली बसला. दोन म्हणजे दोनच.

त्यानंतर त्याने पहिला भाग वाचायला घेतला. महिनाभर लागला. दुसरा भाग निम्मा झाला तेव्हा एका सकाळी, कामावर निघण्याआधी, त्याने ताईला फोन लावला.

"एकशे चाळीसाव्या पानावर माणसांना टोपलीत बसवून कड्यावर ओढून घेतलंय."

"हो. आवडलं?"

"टोपली पडेल. सहा माणसं, नुसता दोर आणि वर ओढणारा एक म्हातारा. दोराच्या दुसऱ्या टोकाला टोपलीच्या तोलाचं वजन लागतं. ते खाली येतं तेव्हा टोपली वर जाते."

"अरे देवा. दहा वर्षं कोणाच्या लक्षात नाही आलं." पलीकडे कागद हलल्याचा आवाज झाला. "थांब, लिहून घेते. त्या वजनाला डोंगरातले लोक काय म्हणतील?"

बायको डबा घेऊन दाराशी उभी होती. त्याने बोटाने हवेत दोन अक्षरांची अदलाबदल केली.

"जवन," तो म्हणाला. "आणि हे बघ, दोर कप्पीवरून घालायला लाव त्यांना. तसाच कड्यावर घासला तर आठ दिवसांत तुटेल."