साहेबांचा नळ

"तुम्ही खोटं पाणी तपासलंत, साहेब. आणि तेही डोळे उघडे ठेवून."

तपासणी कार्यालयातली टंकलेखनाची टकटक थांबली. टेबलापुढे टाकीवाली उभी होती. कापड रंगवणाऱ्या कारखान्यात सांडपाण्याच्या टाक्या सांभाळायची, म्हणून तिचं नाव पडलं टाकीवाली. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात याच कार्यालयाचा दाखला. दाखल्यावर लिहिलेलं : पाणी समाधानकारक. गेल्या वर्षीही हेच लिहिलं होतं. फक्त तेव्हा ते धादांत खोटं होतं.

तेव्हा कारखान्याचं रंगीत पाणी भिंतीमागच्या पाइपातून थेट समुद्रात जायचं. तपासनीस साहेब आले की त्यांना सांडपाण्याचा म्हणून फाटकाजवळचा एक नंबरचा नळ दाखवायचे. त्याला जोडलेलं पिण्याचं पाणी! कामगार त्याला 'साहेबांचा नळ' म्हणायचे आणि जेवणाआधी तिथेच हात धुवायचे. टाकीवालीही धुवायची. ती कोण लागून गेली वेगळी?

तिचा थोरला भाऊ मासेमार. "तुझा मालक आज कुठला रंग लावतोय, ते मला जाळंच सांगतं," असं म्हणून हसायचा. पुढे जाळ्यात रंगाशिवाय काही येईना, तेव्हा त्याचं हसू आटलं. होडी किनाऱ्यावर उपडी पडली ती पडलीच. एकदा टाकीवाली त्याच्या घरी गेली, तर तो दारातच आडवा आला.

"आत येण्याआधी हात धुऊन ये. तुमच्या त्या साहेबांच्या नळावर."

ते शब्द तिच्या जिव्हारी लागले. दुसऱ्या दिवशी ती मालकाच्या खोलीत शिरली. "टाक्या नुसत्या दाखवायला बांधल्यात का? तीन महिने द्या, चालवून दाखवते."

मालकाने मान डोलावली, कदाचित कटकट टळावी म्हणून. पण बाई खरंच कामाला लागली. टाक्यांतला वर्षानुवर्षांचा घट्ट गाळ उपसला. गंजलेला हवेचा पंप खोलून पुन्हा जोडला. चुना आणि तुरटी घालून रंग तळाला बसवायचा, मग उरलेली घाण खाणारे जीव पुढच्या टाकीत वाढवायचे. डोळ्यांना न दिसणारे जीव, पण नखरे जावयासारखे! अखंड हवा हवी. दिवसभर पंप बंद राहिला की गुदमरून खलास. तिसऱ्या महिन्यात शेवटच्या टाकीतून नितळ पाणी आलं. त्यातलं निम्मं पुन्हा कापड धुवायला वापरता आलं. मालक स्वतः टाकीत वाकून बघून गेला. "किनाऱ्यावरच्या बाकी अकरा कारखान्यांना बोलावू, त्यांनाही दाखव," म्हणाला.

आणि आज सकाळी हा दाखला आला. मालकाने जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवले.

"बघ. एक अक्षर बदललेलं नाही. घाण सोडली तरी हाच कागद, साफ केलं तरी हाच. बाकीचे अकरा जण मला येड्यात काढतायत. पाच वाजता पंप बंद."

म्हणून ती इथे आली होती. घड्याळात पावणेपाच.

"हे शेवटच्या टाकीचं खरं पाणी," तिने बाटली टेबलावर आदळली. "हे तपासा. मग त्या अकरा कारखान्यांच्या पाइपांचंही तपासा. कागदावर फरक दिसू द्या."

"बाई, तुम्ही आणलेली बाटली चालत नाही," साहेब फाइलीतून डोकं न काढता म्हणाले. "नमुना एक नंबरच्या नळाचाच. फॉर्मवर तसंच आहे."

"त्या नळाला कसलं पाणी येतं?"

"सांडपाणी. दाखल्यावर लिहिलंय की. माझी सही आहे."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? वीस वर्षं नोकरी झाली माझी!"

टाकीवालीने दाखला त्यांच्या फाइलीवर ठेवला आणि सहीवर बोट दाबलं.

"गेल्या उन्हाळ्यात तुम्ही बाटली भरलीत, आणि मग त्याच नळाला ओंजळ लावून घटाघट प्यायलात. माझ्यासमोर. वर म्हणालात, 'गार आहे हो तुमच्याकडचं पाणी.' साहेब, सांडपाणी होतं, तर प्यायलात कसे? आणि पिण्याचं होतं, तर तेव्हाच्या दाखल्यावर हीच सही केलीत कशी? पाचला माझा पंप बंद होणार आहे. फाइल मिटा, वर बघा, आणि बोला!"