हात न लावलेला फोटो

माझा रंग काळा आहे. सावळा नाही, गव्हाळ नाही, निमगोरा तर मुळीच नाही. उंची पाच फूट नऊ इंच. पुण्याजवळच्या आमच्या धायरीत या दोन्ही गोष्टींना लोक 'अडचण' म्हणायचे आणि मला तर त्यांच्याच जोरावर मॉडेल व्हायचं होतं. व्हायचं म्हणजे व्हायचंच.

गावाच्या रानात बिल्डरच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, घरोघरची पोरं आयटीत लागली होती. पण 'मॉडेलिंग' म्हटलं की घरच्यांचे चेहरे अजून असे व्हायचे, जसं काही मी चपला घालून देवघरात शिरलेय. आईला किती दिवस पटवत होते! शेवटी ती म्हणाली, "काढ बाई फोटो. स्थळांना द्यायला तरी व्हतील." तिचं गणित तिच्यापाशी.

फोटो काढले रंगनाथकाकांनी. नाक्यावर त्यांचा स्टुडिओ. गावातल्या एकूण एक मुलीचा 'दाखवायचा' फोटो त्यांच्याच हातचा. भरजरी साडी, हनुवटीखाली बोट, मागे धबधबा. त्यात कॉम्प्युटर आल्यापासून काका सुटलेच होते. त्यांनी माझा चेहरा पार दुधात बुडवून काढला, गालावरचा तीळ उडवला, नाकसुद्धा जरा बारीक केलं. आई खूश. खोटं कशाला बोलू, घटकाभर मीही खूश झाले.

तेच फोटो घेऊन कोरेगाव पार्कातल्या एजन्सीत गेले. तिथल्या शेफाली मॅडमनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"छान आहे ही मुलगी. तिला का नाही आणलंस?"

असा राग आला म्हणून सांगू! पण बोलते काय, बाई खरंच बोलत होत्या. मग त्यांनीच समजावलं. साधा टी-शर्ट, जीन्स, केस मागे बांधलेले, तोंडाला पावडरसुद्धा नको. खिडकीचा उजेड, मागे कोरी भिंत. एक फोटो समोरून, एक बाजूने, एक पूर्ण उभा.

"शनिवारी मुंबईचे लोक मुली निवडायला येतायत. त्यांना तू कशी आहेस ते बघायचंय. शनिवारनंतर आलीस तर चहा मिळेल फक्त."

शहरातल्या फोटोग्राफरांना वेळ नव्हता. तडक रंगनाथकाकांकडे गेले. कुरकुरत का होईना, त्यांनी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. फोटो कॉम्प्युटरवर उघडले आणि मी बघतच राहिले. मीच होते. तिळासकट. पण काकांचा हात सवयीनं माउसकडे गेला आणि माझं कपाळ उजळायला लागलं.

"काका, हात नाही लावायचा!"

"अगं, थोडंसंच."

"थोडंसंही नाही."

काका चिडले. "मग हा फोटो माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाही. लोक म्हणतील, रंगनाथला साधा पोरीचा फोटो काढता येत नाही! आणि उद्या हा एखाद्या पाहुण्याच्या हाती पडला, तर तुझी आई माझ्या दारात उभी राहील. आधी तिला घेऊन ये. ती म्हणाली तर देतो."

झालं! शुक्रवारची संध्याकाळ, आणि सगळं येऊन अडलं आईवर. जिला गोरा फोटो हवा होता, नेमक्या तिच्यावर. तिला आणायला जाताना रस्ताभर मी भांडणाची तयारी करत होते. ती नाही म्हणाली असती तरी मी ते फोटो हिसकावून नेले असते, एवढं डोकं सणकलं होतं.

काकांनी आधीचा गोरा आणि हा नवा, दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावले. "वहिनी, तुम्हीच सांगा. यातली कुठली पोर लवकर उजवली जाईल?"

मी तोंड उघडलं तशी आई म्हणाली, "तू गप."

तिनं वाकून दोन्ही फोटो बघितले.

"रंगनाथभाऊ, मला बघायला आले तवा आमच्या आबांनी दिवेलागणीची येळ ठेवली व्हती. मुद्दाम. कंदिलाची वात बी बारीक केलेली. लगीन झालं, आन दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात सासूनं बघितलं. चार बायकांत म्हणली, आमची फसगत केली. सासू गेली, पर ते अजून माझ्या कानात हाय."

"वहिनी, आमचा तसा हेतू..."

"माझ्या पोरीला बघून कुनी फसलो म्हणायचं न्हाई. पाहुण्यानं न्हाई आन त्या मॅडमनं बी न्हाई. हाय तसाच द्या. आन तो गोरा पुसून टाका."

काकांनी फोटोंची सीडी करून दिली. "स्टुडिओचं नाव टाकणार नाही हं," एवढं मात्र बजावलं.

"नका टाकू," आई म्हणाली.

शनिवारी आई हट्टानं माझ्यासोबत आली, पण एजन्सीत पाऊल टाकेना. जिन्यातच थांबली. आत मुंबईच्या माणसानं फोटो पाहिले, मला खिडकीपाशी उभं केलं, परत फोटो पाहिले. शेफाली मॅडमशी दोन शब्द बोलला. त्यांनी सांगितलं, "पुढच्या आठवड्यात मुंबईला शूट. झोप नीट घे."

मी धावतच बाहेर आले.

"काय म्हणल्या?"

"घेतलं, आई!"

तिचा विश्वास बसेना. माझा दंड घट्ट धरून तिनं हळूच विचारलं, "काळीच?"

"हो. काळीच."

आई तिथंच पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. येणारी-जाणारी माणसं बघत होती. मी तिला उठवलं नाही, तिच्याशेजारी बसून राहिले.